सातव्या राउंडची मोजणी

पहिला ठोसा बारक्याच्या नाकावर बसला. तो का बसतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने हातसुद्धा वर केले नाहीत. दुसरा डाव्या बरगडीवर बसला आणि बारक्या मागच्या भिंतीवर आपटला.

"काय केलंस त्याला?"

"अपडेट केला, ताई."

"अपडेट? कोणी सांगितले होते नसते उद्योग?"

तिसरा पोटात. बारक्या दुमडला, गुडघ्यावर आला, पण उजवा हात त्याने वरच धरला होता. त्या हातात तो बंद पडलेला प्लेअर होता. स्वतःचं नाक फुटलं तरी चालेल, पण तो खाली पडता कामा नये, एवढं भान पठ्ठ्याला होतं.

"उभा राहा. हात खाली घे."

तो उभा राहिला. हात खाली घेतला. चौथा ठोसा पुन्हा त्याच बरगडीवर बसला आणि आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. जिम झाडणारी मावशी झाडू टाकून धावत आली. "अगं बये, मरेल ना तो! भाऊ आहे का पोतं आहे तुझं?" तेव्हा कुठे ताई थांबली.

आता एका गाणी वाजवायच्या डबीपायी सख्ख्या भावाला असं कुदलायचं म्हणजे डोकं फिरलंय का, असं कुणीही म्हणेल. म्हणा खुशाल. पण ती डबी कसली होती ते आधी ऐका.

ही जिम त्यांच्या वडिलांची. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीस वर्षं त्या माणसाने पोरांना बॉक्सिंग शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे काय, नुसतं ओरडून ओरडून उभं केलं. आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचा. त्यांच्या माराला कंटाळून बायको कधीच निघून गेली होती. दोन पोरं मागे राहिली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता त्या तोंडातून "अं, अं" एवढंच निघतं, आणि तेही पाणी हवं असलं तर.

तो जुना आवाज उरला होता फक्त या प्लेअरमध्ये. मुलगी चौदाची असताना मास्तरांनी तो पंचिंग बॅगच्या शेजारी खिळ्याला टांगून, त्याच्या दोन बाजूंच्या दोन माइकांवर तिच्या सरावाचे बारा राउंड रेकॉर्ड केले होते. ती पोरगी आता सव्वीसची. तेवीस लढती, एकवीस जिंकलेल्या. तिला सगळे हातोडी म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

त्या जिमचा एक नियम होता. ठोसे वीस मोजायचे. मारणारा असो नाहीतर खाणारा, मधे तोंडातून आवाज निघाला, कण्हणं म्हणा, रडणं म्हणा, की मोजणी पहिल्यापासून. दहा झालेले असोत नाहीतर एकोणीस. दुखतंय असं त्या घरात कुणी म्हणत नसे आणि दुखतंय का असं कुणी विचारतही नसे.

बाकी अकरा राउंड प्रत्येकी दीड-दोन मिनिटांत आटपतात. सातवा मात्र अकरा मिनिटांचा आहे. त्यात मास्तर नऊ वेळा म्हणतात, "पहिल्यापासून!" आणि मोजणी पुन्हा सुरू होते. हातोडी तोच ऐकायची. प्रत्येक लढतीआधी कपडे बदलायच्या खोलीत, डोळे मिटून. तिला वाटायचं, त्या दिवशी आपल्याच तोंडून हुंकार निघत असणार, आणि बाबांनी सोडून न देता नऊ वेळा आपल्याला परत उभं केलं. म्हणजे त्यांना आपल्यात काहीतरी दिसलं होतं. तोंडाने शाबासकी त्यांनी जन्मात दिली नाही. हा सातवा राउंड हीच आपली शाबासकी, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि त्या जोरावर तिने एकवीस जणींना आडवं केलं होतं.

ऐकायची तेही एकाच कानाने. प्लेअरचं हेडफोनचं भोक ढिलं झालं होतं, तो तिच्या हाती आला तेव्हापासूनच डावी बाजू मुकी. पण दुरुस्तीला म्हणून ती तो कुणाच्या हातात देईल तर शपथ.

उद्या फायनल होती. आज पाच वाजता वजन. पाचला काट्यावर उभं राहिलं नाही तर नाव बाद, मग तुम्ही कितीही मोठ्या असा. आणि काल जेवताना तिने जाहीर करून टाकलं होतं, की फायनल जिंकली की प्लेअरचं भोक दुरुस्त करून घेणार आणि सगळ्यांना बोलावून, बाबांना मधे बसवून, जिमच्या मोठ्या स्पीकरांवर सातवा राउंड वाजवणार. कळू दे सगळ्यांना मास्तर काय चीज होते ते. बारक्याचा घास हातातच राहिला होता. तिने पाहिलं नाही.

आणि आज सकाळी प्लेअर हा असा. पडद्यावर कंपनीचा शिक्का, त्याखाली अर्धी भरलेली पट्टी, आणि बटण दाबा, आपटा, नाचा, तसूभर हलायला तयार नाही.

"चल," ती म्हणाली. "ज्याने घाण केली त्याने निस्तरायची. रक्त पूस आधी."

दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान इतकं अरुंद, की दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा. भिंतभर रेडिओ, टेपरेकॉर्डर, पोटं उघडी पडलेले स्पीकर. काकांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवून आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे.

"कोण मेलंय?"

"हा." तिने प्लेअर टेबलावर ठेवला.

"आणि याला काय झालं?"

"पडलो," बारक्या म्हणाला.

"बराच नेम धरून पडलास की रे."

काकांनी पडद्यावरची अर्धी पट्टी पाहिली, प्लेअर उलटा केला, पाठीवर अंगठा फिरवला आणि बारक्याकडे बघून जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. "कुठली फाइल घातलीस?"

बारक्याने मॉडेलचा नंबर सांगितला.

"आणि नंबरापुढचं अक्षर?"

"अक्षर नव्हतं, काका."

"होतं. घामाने पुसलं गेलंय. अरे शहाण्या, या मॉडेलच्या दोन बनावटी निघाल्या. वरून बघशील तर जुळ्या बहिणी, आतली चिप वेगळी. एकीचं औषध दुसरीला पाजलंस." त्यांनी प्लॅस्टिकची पात आत घालून झाकण उकललं. "वर ही बॅटरी बघ, भजं झालंय फुगून. निम्म्यात हिनेही मान टाकली." त्यांनी भिंग परत डोळ्यावर ओढलं. "काय आहे आत एवढं? गाणी?"

"बाबांचा आवाज," हातोडी म्हणाली. "मास्तरांचा. दुसरीकडे कुठेच नाही. मला तो उद्याच्या लढतीआधी पाहिजे. काहीही करा."

मास्तरांना ओळखत नाही असा माणूस त्या भागात नव्हता. काकांनी बॅटरी सोडवून बाजूला काढली, तिच्या जागी आपल्या टेबलावरच्या वीजपेटीच्या दोन तारा लावल्या आणि बारक्याला म्हणाले, "ये इकडे. घाण तुझी, बोटंही तुझीच वापरू. ही दोन बटणं दाबून धर. मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

बारक्याने दाबून धरली. काकांनी प्लेअरला कॉम्प्युटरची केबल घातली. काहीच नाही. केबल काढली, घातली. पुन्हा काही नाही. सहाव्या खेपेला कॉम्प्युटरने टुंग केलं आणि पडद्यावर खिडकी उघडली: साधन सापडलं, दुरुस्त करायचं का. काकांचा हात माउसवर गेला आणि हातोडीला त्या खिडकीतली खालची बारीक ओळ दिसली: सर्व माहिती पुसली जाईल.

तिने काकांचं मनगट धरून टेबलावर असं आपटलं, की स्क्रूंची वाटी उलटली.

"पुसायचं नाही!"

"सोड."

"पुसलंत तर तुमचं दुकान..."

"सोड म्हणतो ना! मनगट मोडलंस तर तुझ्या बापाचा आवाज कोण काढेल, तू? बुक्क्या मारून?" काका आता खरेच भडकले होते. म्हातारा हाडाचा काटकुळा, पण जिभेला धार. "मी 'नाही' दाबायला चाललो होतो. हा कॉम्प्युटर आधी पुसायलाच सांगतो, आणि अडाणी लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. आधी आतलं सगळं जसंच्या तसं बाहेर उतरवायचं, मग दुरुस्ती. तीस वर्षं हेच करतोय. जिथे तिथे मारामारी! कुठल्या घरातून आलात रे तुम्ही?"

तिने सोडलं. मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते. सॉरी म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तो शब्द तिच्या जिभेला सवयीचा नव्हता, तेव्हा तिने खाली वाकून स्क्रू गोळा करायला घेतले.

उतरवायला सव्वा तास लागला. दोनदा मधेच तुटलं, दोनदा पहिल्यापासून. हातोडी दारात उभी राहून मुठी वळत होती, सोडत होती. बारक्या स्टुलावर डाव्या कुशीवर हात दाबून बसला होता. मधूनच खोकायचा आणि खोकला की ओठ आवळून घ्यायचा.

"आल्या," काका अखेर म्हणाले. "बाराच्या बारा आल्या."

हातोडीने भिंतीला टेकून डोळे मिटले. छातीवरचा दगड उतरला. क्षणभर तिला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

"या फायलींना कुलूप होतं," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "पुसल्या जाऊ नयेत म्हणून चार आकडी. मास्तरांनी लावलं असणार. ते प्लेअरमध्ये चालतं, इथे नाही." मग ते हळूच बारक्याकडे वळले. "नवीन सॉफ्टवेअर घातलं की हे कुलूप निघतं, असं कुठेतरी वाचलंस, होय ना? गाण्यांसाठी नव्हतं केलंस हे अपडेट."

बारक्याने मान डोलावली.

"पुसणार होतास?" हातोडी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, आणि ज्यांनी तिला रिंगमध्ये बघितलंय त्यांना ठाऊक आहे की तेव्हाच पळायचं असतं. "बाबांचा आवाज पुसणार होतास तू?"

"सगळा नाही. एकच. सातवा."

तिने त्याची कॉलर धरून त्याला स्टुलावरून उचलला. रेडिओंची एक फळीच्या फळी कोसळली. तिची मूठ मागे गेली आणि काका ओरडले, "अगं थांब! आधी नीट वाजतोय का ते तरी ऐक!" आणि तिचा हात थांबेल म्हणून म्हाताऱ्याने घाईघाईने सातवा राउंड लावून दिला. दुकानातले दोन स्पीकर दोन भिंतींवर होते. उजवा तिच्या डोक्यावर, डावा बारक्याच्या.

उजव्यातून ओळखीचं सगळं आलं. बॅगेवर तिचे ठोसे, साखळीची करकर, आणि तो आवाज. "एक! दोन! तीन!" बारा वर्षांत तिने तो हजारदा ऐकला होता.

डाव्यातून दुसरं काहीतरी आलं. तिथेही ठोसे पडत होते. बॅगेवरचे नव्हते ते. बॅग कशी वाजते आणि अंग कसं वाजतं, हे तिला त्या दुकानातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

"पोट घट्ट कर. आठ! नऊ!" आणि त्यामागे एक बारीक आवाज, दहा वर्षांच्या पोराचा, दाबून दाबून शेवटी निसटलेला. "आई गं..."

"आवाज आला. पहिल्यापासून! एक!"

हातोडीच्या मुठीतून कॉलर सुटली.

"आवाज वाढवा," ती म्हणाली.

काकांनी वाढवला. मोजणी अकरापर्यंत गेली, हुंदका आला, पहिल्यापासून. सहापर्यंत गेली, पहिल्यापासून. चौथ्या वेळी पोराने आईला हाक मारणं सोडलं. "ताई," तो म्हणाला. "ताई, सांग ना बाबांना. ताई!"

"पहिल्यापासून! एक! दोन!"

आणि उजव्या बाजूला, पाच पावलांवर, चौदा वर्षांची मुलगी बॅगेला ठोसे मारत होती. एक, दोन, तीन. मोजणीबरोबर. भावाने हाक मारली तेव्हा तिचा एकही ठोसा चुकला नव्हता. पुढे मागे झाला नव्हता, हलका पडला नव्हता. तिने कान देऊन ऐकलं. कुठेतरी एखादा चुकला असेल, एखादा तरी, म्हणून अकराच्या अकरा मिनिटं ऐकलं. नव्हता चुकलेला.

रेकॉर्डिंग संपलं. काका खाली पडलेले रेडिओ उचलायला लागले, उगाचच.

"ती मोजणी माझी नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"मला आठवत कसं नाही रे?"

"रोजचंच होतं, ताई. काय काय आठवणार." बारक्याने बाहीने नाक पुसलं. "तू चौदाची होतीस. तू थांबली असतीस तर तुझी पाळी आली असती."

"मग आत्तापर्यंत बोलला का नाहीस?"

"तू म्हणायचीस, ही बाबांची शाबासकी आहे. एका कानाने ऐकायचीस, तुला पुरत होतं. म्हटलं, असू दे. पण काल तू म्हणालीस, मोठ्या स्पीकरवर वाजवणार, सगळ्यांसमोर." तो थांबला, श्वास घेतला, अर्धाच आला. "सगळ्यांसमोर नको होतं मला, ताई. बाकी काही नाही."

काकांनी घसा खाकरून विचारलं, "परत प्लेअरमध्ये कुठल्या घालू? सगळ्या, की सातवी सोडून?"

"सगळ्या," हातोडी म्हणाली. "आणि त्या भोकाचंही बघा. मला दोन्ही कानांनी पाहिजे."

जिमच्या मागच्या खोलीत मास्तर खिडकीशी खुर्चीत बसलेले असत. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डावा खुर्चीच्या दांडीवर. दोघं आत आली तेव्हा चार वाजून गेले होते. मावशी त्यांना मऊ भात भरवून नुकतीच गेली होती, हनुवटीला शीत लागलं होतं. एरवी हातोडीने ते आधी पुसलं असतं.

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. दोन्ही. प्लेअर आता ठणठणीत झाला होता; नवी बॅटरी, नवं भोक. तिने सातवा लावला आणि समोर गुडघे टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. बारक्या दाराच्या चौकटीला टेकला, आत आला नाही.

आधी मास्तर दचकले. मग त्यांचं तोंड उजळलं. दोन वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकत होता तो माणूस, उजळणारच. थोड्या वेळाने डाव्या डोळ्यातून पाणी आलं. कळलं यांना, हातोडीला वाटलं. ऐकताहेत ते. लाज वाटतेय त्यांना. एवढ्यावरसुद्धा तिने माफ करून टाकलं असतं. माणूस बापाच्या बाबतीत इतका मूर्ख असतो.

मग त्यांची डावी तर्जनी हलली. खुर्चीच्या दांडीवर टक्. टक्. टक्. मोजत होते. नऊपर्यंत गेले, बोट थांबलं. हेडफोनमधून त्या पोराचा बारीक आवाज तिला बाहेरसुद्धा ऐकू आला. मास्तरांनी मान हलवली, नापसंतीची, आणि बोट पुन्हा सुरू केलं. पहिल्यापासून. तोंडाची जी अर्धी बाजू चालत होती ती हसत होती. डोळ्यातलं पाणी आनंदाचं होतं.

नऊच्या नऊ वेळा पहिल्यापासून मोजून झालं. राउंड संपला तसं त्यांनी प्लेअरकडे बोट केलं.

"अं," मास्तर म्हणाले. म्हणजे, पुन्हा लाव.

हातोडी उठली. तिने त्यांच्या डोक्यावरून हेडफोन ओरबाडून काढले, डाव्या हाताने त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि उजवी मूठ खांद्यामागे नेली. हनुवटीला शीत लागलेल्या त्या तोंडावर कुठे मारायचं हे तिने ठरवूनही टाकलं होतं. एकच पुरला असता. मास्तर तिच्याकडे बघत होते. घाबरले नव्हते, मूठ बरोबर वळलीय का तेवढं बघत होते.

मागून बारक्याने तिचं मनगट धरलं.

"सोड मला."

"नको, ताई."

"तुझ्यासाठी मारतेय! तुला कळतंय का? यांची कीव येते तुला?"

"कीव नाही येत," बारक्या म्हणाला. "मला तो आवाज ऐकवत नाही. मारल्याचा. कुणालाही मारलं तरी तोच येतो." एवढं बोलून त्याला खोकला आला. मनगट सुटलं, तो खाली वाकला आणि वर आला तेव्हा ओठावर तांबडा फेस होता.

त्या फेसाचा अर्थ हातोडीला माहीत होता. रिंगमध्ये दोनदा पाहिला होता. बरगडी मोडून फुप्फुसात टोचली की येतो. सकाळी तो काटकीसारखा आवाज तिने ऐकला होता आणि हा दिवसभर मुकाट्याने तिच्यामागे फिरला होता.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही."

"बारक्या. मी मोजत नाहीये."

आधी त्याला ते समजलंच नाही. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि बावीस वर्षांचा तो बाप्या भिंतीला धरून मोठ्याने रडला. रडण्याची सवय नसलेल्या माणसाचं रडणं, सगळं चुकीच्या जागी. "खूप दुखतंय गं, ताई. सकाळपासून श्वास घेता येत नाहीये."

तिने त्याला उचलूनच बाहेर नेलं. रस्त्यावर येऊन हात केला तेव्हा गाडीवाला तिला ओळखून म्हणाला, "वजनाला ना? चला, पाच मिनिटांत पोहोचवतो." वजनाचा हॉल उजवीकडे होता आणि इस्पितळ डावीकडे, वीस मिनिटांवर. "डावीकडे घ्या," ती म्हणाली. वाटेत फोन वाजत राहिला. तिने तो शेवटी बंद करून टाकला. बारक्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता. ओरड, ती म्हणत होती, ओरड तू.

इस्पितळात त्याला आडवं केलं, नाकाला नळी लावली. तरुण डॉक्टरबाईंनी शर्ट कापून कूस पाहिली आणि त्यांचा चेहरा आक्रसला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. नाव बाद झालं असणार.

"हे कशाने झालं?" डॉक्टरबाईंनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

"पायऱ्यांवरून..." बारक्याने सुरू केलं.

"मी मारलं," हातोडी म्हणाली. "मी बहीण याची. चार ठोसे मारले. दोन इथे, एकाच जागी."

डॉक्टरबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. "कशासाठी?"

तिने तोंड उघडलं. सकाळी तिच्याकडे कारण होतं, आणि ते असं भक्कम होतं की त्यापायी माणूस मेला तरी चाललं असतं. आता ते कसं सांगायचं ते तिला उमगेना.

"गाणी वाजवायचा प्लेअर बंद पडला म्हणून," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी ते तसंच लिहून घेतलं.